जीपीएसला कोणी फसवलं, तर ते ओळखतात कसं?

बारामतीहून इंदापूरकडे जाताना मॅपवरचा निळा ठिपका अचानक उजनीच्या पाण्यात दिसला, तर आपण हसून सोडून देतो. पण विमानाच्या बाबतीत असं घडलं तर? बारामतीच्या विमानतळावर शिकाऊ वैमानिक सराव करतात, शिवारात फवारणीचे ड्रोन उडतात. म्हणूनच हे समजून घ्यायला हवं.

जॅमिंग आणि स्पूफिंगमध्ये फरक काय?

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. जमिनीवर पोहोचेपर्यंत त्यांचा सिग्नल अतिशय क्षीण होतो. त्याच फ्रिक्वेन्सीवर जवळून गोंगाट केला की खरा सिग्नल ऐकूच येत नाही. हे जॅमिंग. स्पूफिंगमध्ये हुबेहूब खोटा सिग्नल पाठवतात आणि रिसिव्हर चुकीची जागा खरी मानतो. जॅमिंग निदान लक्षात येतं, स्पूफिंगमध्ये सगळं ठीकच दिसतं. म्हणून ते जास्त धोकादायक.

भारतात असं घडलंय का?

हो. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ दरम्यान सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मू परिसरात, अशा ४६५ घटना नोंदल्या गेल्या. ही माहिती पुण्याचे खासदार आणि नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनी लोकसभेत दिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली विमानतळाजवळही स्पूफिंग झालं. जमिनीवरच्या पारंपरिक यंत्रणा चालू असल्याने इतर धावपट्ट्यांवर परिणाम झाला नाही, असं सरकारने सांगितलं.

मग ओळखतात कसं?

• खरे सिग्नल आकाशाच्या वेगवेगळ्या दिशांनी येतात. सगळे एकाच दिशेने आले, तर संशय.
• सिग्नलची ताकद अचानक वाढली किंवा घड्याळाने उडी मारली, तर संशय.
• विमानातली दुसरी दिशादर्शक यंत्रणा वेगळीच जागा दाखवत असेल, तर संशय.
• एकाच भागातली अनेक विमानं एकदम चुकीची जागा कळवू लागली, तर जमिनीवरूनही अंदाज येतो.

युरोपच्या गॅलिलिओ यंत्रणेने २०२५ पासून सिग्नलला डिजिटल सहीही जोडली आहे. ती जुळली नाही, तर सिग्नल खोटा.

आपण काय लक्षात ठेवायचं?

सरकारच्या परवानगीशिवाय जॅमर किंवा जीपीएस ब्लॉकर विकत घेणं, वापरणं बेकायदा आहे. गाडीचा माग लपवायला लावलेलं छोटं यंत्र आसपासच्यांचंही जीपीएस बिघडवू शकतं. आणि मोबाइलवर जागा चुकली, म्हणजे लगेच जॅमिंग नव्हे. उंच इमारती, बंद खोली हीही कारणं असतात. त्यामुळे ‘जीपीएस हॅक झालं’ असा मेसेज आला, तर पुढे पाठवण्याआधी थांबा.