पत्त्यांचा दुष्काळ

आर्णीचे टपाल ४४५१०३ या पिनकोडाच्या आधारे पोहोचते. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली, १९७२ साली अमलात आलेली ही पद्धती आजही पुरते. कारण एक पिनकोड साऱ्या गावाला चालतो. इंटरनेटला मात्र प्रत्येक यंत्रासाठी स्वतंत्र पत्ता अभिप्रेत होता. जुन्या रचनेत असे सुमारे ४३० कोटीच पत्ते बसतात. त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला.

आरंभी अमेरिकी विद्यापीठांना व कंपन्यांना जे पत्ते उदारहस्ते वाटले गेले, त्यांची आज खरेदी-विक्री होते. ही नवी वतनदारीच! उशिरा आलेल्या ग्राहकांना मात्र एकाच पत्त्याआड दाटीवाटीने राहावे लागते. एकाच्या गैरवर्तनापायी तो पत्ता रोखला गेला, तर निरपराध शेजाऱ्यांचीही वाट अडते.

नव्या रचनेत, म्हणजे ‘आयपीव्ही-६’मध्ये, पत्त्यांना तोटा नाही. मोबाइल कंपन्यांमुळे भारत तिच्या वापरात अग्रेसर देशांत गणला जातो. तरीही असंख्य संकेतस्थळे जुन्याच पत्त्यांवर नांदतात आणि दोन्ही व्यवस्थांचा खर्च चालूच राहतो. टंचाई निसर्गाची नसून अनास्थेची असेल, तर तिची किंमत ग्राहकाने का मोजावी? शासकीय कार्यालये व महाविद्यालये यांनीच आता पहिले पाऊल उचलले पाहिजे.