तारापूर ते थार, चाकांवरच्या घरातून

बोईसर, पालघर, तारापूर या पट्ट्यात निवृत्त जोडप्यांची वाण नाही. कुणी अणुवीज केंद्रात तीस-पस्तीस वर्षं शिफ्ट केल्या, कुणी एमआयडीसीत, कुणी शाळेत शिकवलं, तर कुणी पहाटेची डहाणू लोकल पकडून मुंबई गाठली. निवृत्तीनंतर अष्टविनायक होतो, चारधाम होतं, मग नातवंडांच्या शाळेच्या वेळा सुरू होतात. पण काका-काकू, तुमच्या घरापासून निघणारा एक रस्ता थेट भारताच्या वाळवंटातल्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत जातो. ते उद्यान म्हणजे जैसलमेरचं डेझर्ट नॅशनल पार्क, इथून साधारण हजार-बाराशे किलोमीटर. कॅरव्हॅन घेऊन निघालात तर हॉटेलची शोधाशोध नको, तिसऱ्या मजल्यावरची खोली नको, गुडघ्यांना जिन्याची शिक्षा नको. वाटेतल्या आणि वाळवंटातल्या गमतीच्या गोष्टी इथे गोळा केल्या आहेत. त्यातली एक तर थेट तारापूरच्या विजेशी जोडलेली आहे.

आधी गाडीचं बघू

महाराष्ट्र सरकारने कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये मंजूर केलं. ट्रॅव्हलरसारख्या लांब व्हॅनमध्ये पलंग, शेगडी, बेसिन, छोटं संडास-बाथरूम आणि पाण्याची टाकी बसवली की झाली कॅरव्हॅन. ती चालकासकट भाड्यानेही मिळते. पहिल्या खेपेला तशीच घ्यावी असं मला मनापासून वाटतं, कारण वळणावर मागची बाजू किती जागा खाते ते अंगवळणी पडायला वेळ लागतो.

स्वतःच चालवायची हौस असेल तर एक चांगली बातमी आहे. हलक्या मोटारवाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतचं वाहन चालवता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं. फक्त परवान्याची तारीख बघून घ्या. वयाच्या पंचावन्न वर्षांनंतर परवाना पाच-पाच वर्षांसाठीच नवा होतो आणि डॉक्टरांचा दाखला लागतो.

स्वयंपाकासाठी घरचा मोठा सिलिंडर उचलून गाडीत ठेवू नका. इंडियन ऑइलचा पाच किलोचा 'छोटू' ओळखपत्र दाखवून मिळतो आणि दोघांच्या चहा-खिचडीला पुरून उरतो. टोलसाठी २०२५ च्या स्वातंत्र्यदिनी फास्टॅगचा वार्षिक पास सुरू झाला. सुरुवातीची किंमत ३,००० रुपये, आणि एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. तो खासगी कार, जीप, व्हॅन एवढ्यांनाच लागू आहे. भाड्याच्या कॅरव्हॅनला चालत नाही, म्हणून हिशेब आधीच करा.

चिल्हार फाटा ते कर्कवृत्त

बोईसरहून चिल्हार फाट्याला महामार्ग लागतो. मग चारोटी, तलासरी, अच्छाड, आणि चहा थंड व्हायच्या आत गुजरात! निघताना घोलवडच्या चिकूची पेटी गाडीत हवीच. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. थोडा कच्चा माल घेतला तर तो प्रवासात एकेक करून पिकत जातो.

भरूचला नर्मदा ओलांडताना खिडकीकडची जागा काकूंना द्या. महामार्गावरचा तारांनी तोललेला नवा पूल २०१७ मध्ये खुला झाला. त्याच शहरात नदीवर १८८१ चा लोखंडी गोल्डन ब्रिजही उभा आहे.

अहमदाबाद सोडून मेहसाण्याकडे निघालात की वाटेत कर्कवृत्त ओलांडलं जातं. शाळेत भूगोलाच्या नकाशावर तुटक रेघेने काढलेलं तेच. बोईसर १९.८ अंश उत्तरेला आहे, म्हणून आपल्याकडे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, एकदा मेच्या उत्तरार्धात आणि एकदा जुलैच्या उत्तरार्धात. तेव्हा भर दुपारी उभ्या खांबाची सावली गायब होते. जुलैत ढग असतात, म्हणून आपल्याला ते दिसत नाही इतकंच. जैसलमेर २६.९ अंशांवर, म्हणजे कर्कवृत्ताच्या पलीकडे. तिथे सूर्य वर्षातून एकदाही बरोबर माथ्यावर येत नाही. तरीही उन्हाचा मान त्यांचाच! भारतातलं सर्वाधिक तापमान याच भागात, फलोदीला, १९ मे २०१६ रोजी नोंदलं गेलं. ५१ अंश सेल्सियस.

पोखरणला स्फोट, तारापूरला घोर

पालनपूर, सिरोही, पालीमार्गे जोधपूर गाठलं की पुढच्या रस्त्यावर पोखरण लागतं. इथे तारापूरकरांनी गाडी थांबवायलाच हवी.

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या. देशातलं हे पहिलं अणुवीज केंद्र. त्या भट्ट्या अमेरिकी बनावटीच्या होत्या, आणि १९६३ च्या करारानुसार त्यांना लागणारं समृद्ध युरेनियमही अमेरिकाच पुरवणार होती. मग १८ मे १९७४ ला पोखरणच्या वाळूखाली भारताने पहिली अणुचाचणी केली. वाळवंटातल्या त्या धक्क्याचा हादरा शेवटी आपल्या किनाऱ्याला बसला. अमेरिकेने १९७८ मध्ये अण्वस्त्रप्रसारविरोधी कायदा केला, इंधनाच्या खेपा रखडू लागल्या आणि पुढे थांबल्या. तारापूरच्या भट्ट्यांना खायला काय घालायचं, हा प्रश्न दिल्ली आणि वॉशिंग्टनच्या बैठकांत वर्षानुवर्षं गाजला. १९८२ मध्ये फ्रान्सने इंधन द्यायचं कबूल केलं तेव्हा वाट मोकळी झाली. नंतरच्या काळात चीन आणि रशियाकडूनही इंधन आलं.

बोईसरच्या ज्या घरांत ते दिवस अनुभवलेली माणसं आहेत, त्यांनी पोखरणच्या रस्त्याला एकदा तरी लागावं. चाचणीची जागा लष्कराच्या ताब्यात आहे, तिथे जाता येत नाही. पण पोखरणच्या बाजारात उभं राहून काकांनी आपल्या कंट्रोल रूमच्या आठवणी सांगाव्यात, एवढं नातं या दोन गावांत नक्कीच आहे. बदल्या होऊन रावतभाट्याला राहिलेल्या कुटुंबांना तर राजस्थान नवीन नाही. कोट्याजवळ चंबळेकाठचं ते केंद्र तारापूरनंतरचं देशातलं दुसरं.

विजेचाच विषय निघालाय तर फलोदी भागातला भडला सोलर पार्कही ऐकून ठेवा. क्षमता २,२४५ मेगावॉट. आपल्या तारापूरच्या चारही भट्ट्यांची मिळून १,४०० मेगावॉट. पण सूर्य मावळला की भडला झोपतं, आणि अणुभट्टी रात्रपाळीही करते.

फलोदीपर्यंत वाट वाकडी केलीच तर जवळच्या खिचन गावात सकाळी लवकर जा. हिवाळ्यात हजारो करकोचे तिथे उतरतात आणि गावकरी त्यांना पिढ्यानपिढ्या दाणे घालत आले आहेत. २०२५ मध्ये खिचनचा समावेश पाणथळ जागांच्या रामसर यादीत झाला.

वाळवंट म्हणजे नुसती वाळू नव्हे

डेझर्ट नॅशनल पार्कचं क्षेत्रफळ ३,१६२ चौरस किलोमीटर. जैसलमेर आणि बाडमेर अशा दोन जिल्ह्यांत ते पसरलंय. सिनेमात दिसणाऱ्या वाळूच्या टेकड्या त्यातल्या थोड्याच भागात आहेत. बाकी खडकाळ जमीन, सुकलेली खारी तळी, सेवण गवताची कुरणं आणि मधूनच खेजडीचं झाड. सम आणि खुरीच्या टेकड्यांवर उंटाची फेरी जरूर मारा, पण एवढ्यावर परत फिरलात तर पार्क बघायचं राहूनच जाईल.

त्या उजाड दिसणाऱ्या जमिनीवर काय काय चाललेलं असतं! पखुर्डी नावाच्या पक्ष्याचा नर पाणवठ्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवतो आणि तसाच उडत पिल्लांपर्यंत पाणी नेतो. पिल्लं त्याच्या पिसांतून पाणी चोखतात. सांडा नावाची जाडजूड काटेरी शेपटीची पाल चक्क शाकाहारी आहे, आणि अडीअडचणीसाठी चरबी शेपटीत साठवते. चिंकारा पाणी न पिता कितीतरी दिवस काढतो, कारण पाला आणि दवातूनच त्याची गरज भागते.

आणि हे सगळं एके काळी समुद्राकाठी होतं. जैसलमेरपासून सतरा किलोमीटरवर आकल इथे दगड झालेले झाडांचे बुंधे पडले आहेत. वय सुमारे १८ कोटी वर्षं. त्याच जिल्ह्यातल्या खडकांत सापडलेल्या एका लांब मानेच्या डायनासोरचं नाव २०२३ मध्ये जाहीर झालं, थारोसॉरस इंडिकस. तो सुमारे १६ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा. चिंचणी-तारापूरच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला वाळवंटात शंख-शिंपल्यांचे खडक बघताना काय वाटेल, याची कल्पना करा.

माळढोक आणि आपल्या तारा

या पार्काचा खरा राजा माळढोक. राजस्थानात त्याला गोडावण म्हणतात, तो त्यांचा राज्यपक्षी आहे. नर मीटरभर उंच, वजन पंधरा किलोपर्यंत, म्हणजे जगातल्या उडू शकणाऱ्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी एक. मादी सहसा वर्षाला एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. आज जंगलात दीडशेच्या आसपासच पक्षी उरलेत आणि त्यातले बहुतेक याच पट्ट्यात. महाराष्ट्राने सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य केलं होतं. तिथे हा पक्षी दिसणं आता फार दुर्मीळ झालंय, आणि त्याची हळहळ वाटते.

आता वीज क्षेत्रात आयुष्य घालवलेल्यांनी पुढचं नीट वाचावं. शिकारीला बंदी आहे, पण माळढोकाचा एक मोठा शत्रू उच्चदाबाच्या तारा. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे समोरचं कमी दिसतं. शरीर इतकं जड की तार दिसली तरी ऐनवेळी वळता येत नाही. जैसलमेर भागात तारांना धडकून वर्षाला सुमारे अठरा माळढोक मरतात, असा अंदाज भारतीय वन्यजीव संस्थेने मांडला होता. दीडशेतले अठरा! पवनचक्क्या आणि सौरप्रकल्पांची स्वच्छ वीज ज्या तारांतून जाते, त्याच या तारा. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तारा जमिनीखालून न्याव्यात असा आदेश २०२१ मध्ये झाला, पुढे २०२४ मध्ये तो बदलून तज्ज्ञांची समिती नेमली गेली. तारांवर फिरत्या चकत्या लावल्या की पक्ष्याला त्या लांबून दिसतात. पार्काजवळून जाताना त्या शोधा. तारेची उंची, झोळ आणि दोन मनोऱ्यांतलं अंतर काकांना समजतं, म्हणून ही अडचणही त्यांना इतर कुणाहून लवकर कळेल.

आशेची गोष्टही आहे. समला माळढोकांचं प्रजनन केंद्र चालतं. रानातून अलगद उचललेली अंडी २०१९ पासून तिथे उबवली जातात. २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून या जातीचं पहिलं पिल्लू जन्मलं. केंद्रात पर्यटकांना सोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे. मोकळ्यावरचा माळढोक बघायचा असेल तर जैसलमेरच्या वन कार्यालयातून परवाना काढून पहाटे सुदासरीच्या कुरणाकडे जा. दुर्बीण विसरू नका.

स्वेटर घ्या, छत्री राहू द्या

जायचं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. पालघर जिल्ह्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, जैसलमेरला दोनशेच्या आतबाहेर. आपल्याकडे जुलैत जोराचा एक दिवस लागला तर त्यांच्या वर्षाचा कोटा संपतो. हवा कोरडी आणि वाळू लवकर तापून लवकर निवणारी, म्हणून जानेवारीत दुपारी चोवीस-पंचवीस अंश आणि पहाटे पाचपर्यंत पारा उतरतो. दमट हवेत वाढलेल्या आपल्या ओठांना, टाचांना ते लगेच कळतं. खोबरेल तेल आणि गोधडी दोन्ही घ्या.

वाळूत गाडी घालू नका, कॅरव्हॅन जड असते आणि चाकं रुततात. डांबरी सोडायची नाही. रात्री तर नाहीच, कारण उंट अंधारात रस्त्यावरच बसलेले असतात.

पाणी कसं वाचवावं हे इथल्या लोकांकडून शिकावं. इथल्या पालीवाल समाजाने शेकडो वर्षांपूर्वी खडीन बांधले: उतारावरून येणारं पावसाचं पाणी बांधाने अडवायचं, ते मुरलं की त्याच ओल्या जमिनीत गहू-हरभरा पेरायचा. यातले काही खडीन आजही पिकतात. कॅरव्हॅनची टाकी दोन दिवस पुरवायची असेल तेव्हा ही माणसं आठवतील. जेवायला केर-सांगरी मागवा. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा. वाळवून ठेवल्या तर महिनोन्महिने टिकतात, आपल्या सुक्या बोंबलांसारख्याच.

मुलं कॅलिफोर्नियात असतील तर

तिथेही हाच बेत जमतो. डेथ व्हॅली हे १९९४ पासूनचं राष्ट्रीय उद्यान. त्यातलं बॅडवॉटर समुद्रसपाटीपेक्षा ८६ मीटर खाली आहे, आणि तिथल्या फर्नेस क्रीकला १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंशांची जागतिक विक्रमी नोंद झाली होती. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्या आरटीओतूनच मिळतो, मुदत एक वर्ष. ६२ वर्षांवरील ज्येष्ठांसाठीचा सवलतीचा पास मात्र अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांनाच. टुरिस्ट व्हिसावर गेलेल्या आई-बाबांना तो मिळत नाही.

येताना वेगळा रस्ता

परतीला बाडमेर, सांचोर, राधनपूर असं उतरा, म्हणजे कच्छचं छोटं रण वाटेतच येतं. इथलं रानगाढवांचं अभयारण्य सुमारे ४,९५४ चौरस किलोमीटर, म्हणजे डेझर्ट पार्कापेक्षाही मोठं. भारतातली रानगाढवं जवळजवळ सगळी इथेच आहेत. २०२० च्या गणनेत ती ६,०८२ भरली. माळढोकाची आकडेवारी ऐकून मन खट्टू झालं असेल तर इथे यावं: विसाव्या शतकाच्या मध्यानंतर हीच जात हजाराच्या खाली घसरली होती, आणि आज कळपच्या कळप धुरळा उडवत ताशी साठ-सत्तर किलोमीटरने गाडीशी शर्यत लावतात. दसाडा, बजाणा या बाजूंनी आत शिरता येतं. पावसाळ्यात रण पाण्याखाली जातं आणि अभयारण्य १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद असतं, म्हणून गाडीचं बुकिंग दिवाळीनंतरचंच करा.