गरिबी म्हणजे अनाथपण नव्हे!

१२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भूकंप झाला. त्याच महिन्याअखेर ‘सेवे’साठी आलेले अमेरिकेतील बाप्टिस्ट चर्चचे १० जण ३३ मुलांना डॉमिनिकन प्रजासत्ताकात नेताना सीमेवर अडवले गेले. आवश्यक कागदपत्रे त्यांच्याकडे नव्हती. मुले अनाथ असल्याचे सांगण्यात आले. प्रत्यक्षात बहुतेकांचे आईवडील हयात होते. शिक्षण मिळेल या आशेने अनेकांनी स्वतःच लेकरे सोपवली होती.

या मंडळींच्या हेतूविषयी आम्ही वाद घालत नाही. वकील म्हणून आम्ही एवढेच विचारतो : सर्वस्व गमावलेल्या आईची संमती ही खरी संमती असते काय? शाळा आणि अन्न तिच्या दारी का नेले नाही? लेकराला आईपासून तोडणारी करुणा आम्हाला मान्य नाही. गरिबाला दया नको, हक्क हवा!