न्यूरोफीडबॅक : मेंदूचं प्रशिक्षण विकत घेण्याआधी

चिंता, नैराश्य, झोप न लागणं, मुलांचं अभ्यासात लक्ष नसणं, या सगळ्यावर 'औषधाविना उपचार' म्हणून न्यूरोफीडबॅकची जाहिरात हल्ली मोबाईलवर दिसते. नायगाव, परळ, लालबाग भागात काम करताना पालक आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं आम्हाला याबद्दल विचारतात. प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : हे खरं आहे का, आणि यासाठी कर्ज काढावं का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरळ 'नाही' असं आहे. पहिल्याचं थोडं सविस्तर द्यावं लागेल.

यंत्र नेमकं काय करतं?

मेंदूच्या पेशींच्या कामातून अतिशय सूक्ष्म विद्युत लहरी निर्माण होतात. जर्मनीतील हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून या लहरी पहिल्यांदा टिपल्या. यालाच आपण ईईजी म्हणतो. फिट येणाऱ्या रुग्णाची ही तपासणी अनेकांनी पाहिली असेल.

न्यूरोफीडबॅकमध्ये डोक्याला असेच सेन्सर लावतात आणि समोर स्क्रीन असते. ठरवलेली लहर हव्या त्या प्रमाणात आली की स्क्रीनवरचा खेळ पुढे सरकतो किंवा चित्र स्पष्ट होतं. नाही आली की थांबतं. बक्षीस मिळतं ते वागणं मेंदू पुन्हा करू लागतो, अशी त्यामागची कल्पना आहे. एक सेशन साधारण अर्धा ते पाऊण तास चालतं आणि अशी वीस ते चाळीस सेशन सुचवली जातात. डोक्यात वीज सोडली जात नाही, लहरी फक्त मोजल्या जातात. त्यामुळे शॉक बसेल ही भीती बाळगायचं कारण नाही.

म्हणजे ही जादूटोण्यातली गोष्ट नाही. कॅलिफोर्नियात बॅरी स्टरमन यांनी १९६० च्या दशकात मांजरांना एक विशिष्ट लहर वाढवायला शिकवलं होतं. पण लहर बदलता येते हे एक, आणि त्याने आजार बरा होतो हे दुसरं. जाहिरात या दोन गोष्टी एकच करून टाकते.

पुरावा काय सांगतो?

सर्वाधिक अभ्यास झाला तो लक्ष न लागणाऱ्या, अतिचंचल मुलांवर, म्हणजे एडीएचडीवर. अमेरिकेत १४४ मुलांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अर्ध्याहून अधिक मुलांना खरं न्यूरोफीडबॅक दिलं. उरलेल्यांना हुबेहूब तसंच, पण खोटं. त्यांच्या स्क्रीनवरचा खेळ दुसऱ्याच मुलांच्या आधी टिपलेल्या लहरींवर चालत होता. कोणाला काय मिळतंय हे मुलांना, पालकांना, शिक्षकांना माहीत नव्हतं. उपचार संपले तेव्हा दोन्ही गटांतली मुलं सुधारलेली होती. फरक मात्र सापडला नाही.

२०२४ मध्ये 'जामा सायकिॲट्री'त ३८ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. कोणाला कोणता उपचार मिळाला हे माहीत नसलेल्यांचं मत विचारात घेतलं तेव्हा एकूण गटाला म्हणावा असा फायदा दिसला नाही. झोपेच्या तक्रारींवरही खऱ्या आणि खोट्या प्रशिक्षणाची अशी तुलना २०१७ मध्ये झाली. तिथेही खरं प्रशिक्षण वरचढ ठरलं नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. जुन्या, खोल आघाताने त्रस्त ५२ जणांवर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात न्यूरोफीडबॅक घेणाऱ्यांचा त्रास बराच कमी झाला. मात्र त्यांची तुलना खोट्या प्रशिक्षणाशी नव्हती, उपचाराची वाट पाहणाऱ्यांशी होती. आशा आहे, पण ठोस निष्कर्ष नाही.

मग मुलं सुधारली कशामुळे? कोणीतरी आठवड्यातून दोन-तीनदा त्यांच्याकडे नीट लक्ष दिलं. शांत बसायची सवय लागली. घरच्यांनी वेळ काढला, आशा धरली. या गोष्टींची ताकद कमी लेखू नये. पण त्या मिळवायला महागडं यंत्र लागतंच असं नाही.

परळमधला जुना धडा

शरीराच्या हालचाली मोजून त्यावर ताबा मिळवण्याचा विचार मुंबईला नवा नाही. केईएममधील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांवर शवासनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे दाते यांनी रक्तदाबासाठी बायोफीडबॅक, म्हणजे न्यूरोफीडबॅकचाच थोरला भाऊ, वापरून पाहिलं. त्यावरचा त्यांचा लेख १९८० मध्ये केईएमच्याच वैद्यकीय नियतकालिकात आला. तिथल्याच मनोविकार विभागात डॉ. एन. एस. वाहिया यांनी १९७० च्या दशकात योगावर आधारित उपचार तपासले. एका गटाला पूर्ण पद्धत, दुसऱ्याला तिचा काही भाग, अशी तुलना त्यांनी केली.

निष्कर्षांवर वाद होऊ शकतो, पण रीत महत्त्वाची आहे. हे काम सार्वजनिक रुग्णालयात झालं. तुलना झाली आणि निकाल सर्वांना तपासता येईल असा छापला गेला. आज कोणी पद्धत विकायला आला तर त्याला हाच प्रश्न विचारावा : तुलना कशाशी केली?

काही ठिकाणी याला 'ध्यानाचं यंत्र' म्हणतात आणि वाढलेल्या अल्फा लहरींचा आलेख दाखवतात. नुसते डोळे मिटले तरी अल्फा वाढतो. त्यामुळे तो आलेख मनःशांतीचं प्रमाणपत्र होत नाही.

दोष फक्त मेंदूत शोधायचा का?

'भावनांचं नियमन' हा शब्द ऐकायला तटस्थ वाटतो. पण दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहतात, तिथे झोप का लागत नाही? भरती लांबत जाते आणि वय निघून जातं, तेव्हा चिंता कुठून येते? मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयातील निवासी डॉक्टर पायल तडवी यांचा मे २०१९ मध्ये मृत्यू झाला. जातीवरून छळ झाल्याचा आरोप आहे आणि प्रकरण न्यायालयात आहे. अशा ठिकाणी ताणाखाली असलेल्या विद्यार्थ्याला 'तुझ्या लहरी सुधार' एवढंच सांगणं म्हणजे संस्थेची जबाबदारी त्याच्या डोक्यावर टाकणं.

याचा अर्थ आजार खोटा आहे असा नाही. नैराश्य खरं असतं, त्यावर औषध लागू पडतं, समुपदेशन लागू पडतं. उपचारही हवेत आणि छळाविरुद्ध तक्रारही हवी. एकाच्या बदल्यात दुसरं नाही.

आपला हक्क, आपली दारं

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१५-१६) देशात वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. आपल्या भागात मात्र दारं जवळ आहेत. परळला केईएम, मुंबई सेंट्रलला नायर, भायखळ्याला जे. जे. आणि सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय, चारही ठिकाणी मनोविकार विभाग आहे. गर्दी असते, वेळ जातो, पण खर्च खासगीच्या तुलनेत अगदी थोडा.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ नुसार सरकारी सेवेतून मानसिक उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. त्यात जात, धर्म, लिंग किंवा वर्गावरून भेदभाव करता येत नाही. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला हे उपचार मोफत आहेत. 'टेली मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर वाट पाहू नका. लगेच फोन करा किंवा रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा, शक्यतो कोणाला तरी सोबत घेऊन.

तरीही कोणाला न्यूरोफीडबॅक करून पाहायचं असेल, तर आधी एवढं तपासा :

- निदान मनोविकारतज्ज्ञाने केलं आहे का? फक्त 'ब्रेन मॅप'वरून निदान होत नाही.
- चालवणारी व्यक्ती कोण? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी दाखवायला सांगा.
- सगळ्या सेशनचे पैसे आगाऊ मागतात का? मागत असतील तर उठून या.
- चालू औषधं बंद करायला सांगतात का? डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका. फिट, स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असेल तर हे जिवावर बेतू शकतं.
- किती सेशननंतर, कशावरून फायदा मोजणार आणि फायदा नसेल तर कधी थांबवणार, हे लेखी देतात का?

वस्तीतल्या, विहारातल्या, अभ्यासिकेतल्या कार्यकर्त्यांना आमचं एकच सांगणं आहे. कोणी त्रासात असेल तर पहिल्या ओपीडीला त्याच्यासोबत जा. केसपेपर काढायच्या रांगेत सोबत उभं राहणारा माणूस असला की बरेच जण दुसऱ्यांदाही जातात.