पश्चिम ऑस्ट्रेलियांतील ‘समूह-वसाहत’ व दुभत्या गाईंचीं शेतें

१. ओसाड भूमि वसवावी व तिच्या योगें राजकोशाची वृद्धि व्हावी, ही इच्छा कोणत्याही राज्यास नवी नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतील दुसऱ्या अधिकरणाचा पहिला अध्याय ‘जनपदनिवेश’ याच विषयाचा आहे. नव्यानें वसलेल्या कृषीवलांस धान्य, पशु व द्रव्य द्यावें आणि त्याची फेड त्यांच्या सोयीनें घ्यावी, असें तेथें सांगितलें आहे. लगतच्याच ‘भूमिच्छिद्रविधान’ या अध्यायांत, जी जमीन नांगराखालीं येत नाहीं ती गुरांच्या कुरणांस द्यावी, असें विधान आहे. आपल्याकडे मराठेशाहींत पडीक जमिनीस कौल देऊन इस्तावा बांधीत. पहिल्या वर्षीं सारा नाममात्र, पुढें दरसाल चढता, आणि कांहीं वर्षांनीं पूर्ण दर. या तिन्ही व्यवस्थांच्या मुळाशीं एकच प्रश्न आहे : नव्या जमिनीच्या पहिल्या, अनिश्चित वर्षांचा भार कोणीं सोसावयाचा? हाच प्रश्न घेऊन आम्ही पश्चिम ऑस्ट्रेलियांतील एका मोठ्या प्रयोगाकडे वळतों.

२. इ. स. १९१९ मध्यें जेम्स मिचेल हे त्या प्रांताचे मुख्य प्रधान झाले. गहूं तेथें विपुल पिके. परंतु लोणी व दुधाचे इतर पदार्थ बव्हंशीं पूर्वेकडील प्रांतांतून विकत आणावे लागत. उलट नैर्ऋत्य कोपऱ्यांत पाऊस भरपूर, आणि ‘कॅरी’ व ‘जॅरा’ या प्रचंड वृक्षांचीं अरण्यें. जेथें असे वृक्ष वाढतात तेथें गवत कां वाढूं नये, असें हें अनुमान होतें. गाईंच्या या ध्यासामुळें लोकांनीं मिचेलसाहेबांस ‘मू-काउ मिचेल’ असें थट्टेचें नांव ठेविलें. ही भूमि कागदोपत्रीं रिकामी होती. वस्तुतः ती नूंगार लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची वसतिभूमि होती, हेंही येथें नमूद केलें पाहिजे.

३. योजनेचा आरंभ १९२१ सालीं झाला. पुढें ब्रिटिश पार्लमेंटानें १९२२ मध्यें साम्राज्य-वसाहतीचा कायदा केला, आणि १९२३ च्या करारानें ७५,००० लोक आणून वसविण्यासाठीं ६० लाख पौंडांच्या कर्जाची सोय झाली. योजनेची रचना अशी : सुमारें वीस कुटुंबांचा एक समूह, त्यावर एक मुकादम, प्रत्येक कुटुंबास सुमारें १०० ते १६० एकरांचा तुकडा. समूहानें मिळून प्रत्येक तुकड्यांतील कांहीं एकर रान साफ करावें, मग चिठ्ठ्या टाकून तुकडे वांटून घ्यावे, व त्यानंतर सरकारनें गाई द्याव्या. तोंवर पोटासाठीं दररोज १० शिलिंग मिळत. आलेल्यांपैकीं पुष्कळ जण इंग्लंडांतील शहरवासी होते. कित्येकांनीं पूर्वीं कधीं कुऱ्हाड धरली नव्हती. दोनशें फुटांहून उंच कॅरी वृक्ष तोडणें अशक्य, म्हणून त्याच्या बुंध्याभोंवतीं साल कापून त्यास उभाच वाळूं देत आणि खालच्या राखेंत गवताचें बीं पेरीत.

४. या रचनेंतील मर्म हिशेबाच्या वहींत आहे. वर सांगितलेला रोजमुरा ही मजुरी नव्हती. तो, रान तोडण्याचा खर्च, घर, कुंपण, अवजारें व गाई हें सर्व त्या त्या शेताच्या नांवें कर्ज म्हणून लिहिलें जाई. एखाद्या समूहास रान कठीण लागलें, मुकादम अनुभवी नसला किंवा काम लांबलें, तरी कर्जच वाढे. यामुळें शेताची किंमत त्याच्या दुधानें न ठरतां त्यावर झालेल्या खर्चानें ठरूं लागली. १९२४ सालच्या निवडणुकींत मिचेल यांचा पराभव झाला. नव्या सरकारनें नेमलेल्या चौकशी-मंडळाचा अहवाल १९२५ मध्यें आला, तोंपर्यंत सुमारें एक-तृतीयांश वसाहतकरी शेत सोडून गेले होते.

५. जे राहिले त्यांच्यापुढें दुसरें संकट होतें. राखेचा कस एक-दोन वर्षांत सरला. नेचे व जुन्या मुळांचे कोंब पुन्हां माजले. दक्षिण किनाऱ्यावरील डेन्मार्क गांवाच्या परिसरांत तर गाई हिरव्यागार चाऱ्यांत उभ्या राहून झिजत व मरत. (हा युरोपांतील देश नव्हे.) तींच गुरें दुसऱ्या जमिनीवर नेलीं तर सुधारत, अर्थात् दोष रोगजंतूंचा नसून भूमीचा होता. लोहयुक्त माती चारली असतां गुण येई, म्हणून प्रथम लोहाची उणीव मानली गेली. परंतु अंडरवुड व फिल्मर या संशोधकांनीं लोह काढून टाकलेल्या अर्कानेंही गुरें बरीं होतात असें दाखविलें, आणि १९३५ मध्यें खरी उणीव कोबाल्ट या धातूची ठरली. गाईच्या पोटांतील सूक्ष्म जंतूंस ब-१२ जीवनसत्त्व घडविण्यास तो अत्यल्प प्रमाणांत लागतो. त्या जीवनसत्त्वांत कोबाल्ट असतो हें १९४८ मध्यें उघड झालें. कोबाल्ट, स्फुरदयुक्त खत व भुईंत बीं पुरणारें क्लोव्हर गवत यांच्या साहाय्यानें ती भूमि पुढें खरोखरच कुरणाजोगी झाली.

६. म्हणजे मिचेल यांचें अनुमान सर्वथा खोटें नव्हतें. तें ज्ञानाच्या आधीं अंमलांत आलें. परंतु त्या अज्ञानाचा भुर्दंड वसाहतकऱ्याच्या खात्यावर पडला. १९२९ नंतरच्या जागतिक मंदींत लोण्याचा भाव कोसळला, तेव्हां तें ओझें असह्य झालें. पुढें कर्जाचा मोठा भाग सोडून द्यावा लागला, आणि टिकून राहिलेल्यांनीं सोडलेले शेजारचे तुकडे जोडून घेतले, तेव्हां कोठें गोपालन पोटापुरतें झालें. जी सूट आरंभीं दिली असती तर उपकार ठरती, ती अखेरीस बुडीत खातें म्हणून द्यावी लागली.

७. इस्ताव्याच्या पद्धतींत हा विवेक अंगभूत होता. जमीन काय देईल हें कोणासच ठाऊक नसतें, म्हणून पहिलीं वर्षें सरकार आपलें मागणें आवरून धरी. कौटिल्याचें ‘सोयीनें फेड’ हेंही तेंच सांगतें. रान तोडणें कुऱ्हाडीचें काम आहे. पण त्याचें शेत होण्यास किती वर्षें लागतील तें भूमीच ठरविते, आणि तीं वर्षें ज्याच्या आज्ञेनें रान तुटलें त्यानेंच आपल्या पदरीं घ्यावयाचीं असतात.