वर्षभर परक्याच्या घरात, तेही फुकट! शाळकरी मुलांचं स्टुडंट एक्सचेंज नेमकं चालतं कसं?

सोळा वर्षांचं आपलं पोर सातासमुद्रापार पाठवायचं. तिथं ते वर्षभर एका अनोळखी कुटुंबात राहणार, त्यांच्या पोरांबरोबर शाळेत जाणार, त्यांच्याच फ्रीजमधलं दूध काढून पिणार. आणि त्या कुटुंबाला याचा एक रुपयाही मिळणार नाही.

हे ऐकल्यावर कुणालाही पहिला प्रश्न हाच पडतो, की मग ते लोक हे करतात कशाला?

उत्तर शोधायला थेट पहिल्या महायुद्धात जावं लागतं. १९१५ साली फ्रान्सच्या आघाडीवर काही अमेरिकन तरुण स्वतःहून जखमी सैनिकांना ॲम्ब्युलन्समधून दवाखान्यात पोचवत होते. त्यांच्या संघटनेचं नाव अमेरिकन फील्ड सर्व्हिस, म्हणजेच एएफएस. दुसऱ्या महायुद्धात ही मंडळी पुन्हा गाड्या घेऊन निघाली. उत्तर आफ्रिका, इटली आणि अगदी भारत-ब्रह्मदेश सीमेपर्यंत गेली.

युद्ध संपल्यावर या ड्रायव्हर लोकांनी विचार केला, की वेगवेगळ्या देशांची पोरं एकमेकांच्या घरात राहिली तर पुढं एकमेकांवर बंदूक धरणं अवघड जाईल. १९४७ साली १० देशांतून ५२ विद्यार्थी अमेरिकेत आले. पुढं स्वीडनचे परराष्ट्रमंत्री झालेले यान एलियासन १९५७ मध्ये असेच इंडियानात राहिले. युरोपच्या मध्यवर्ती बँकेच्या अध्यक्ष क्रिस्तीन लागार्द याही एएफएसच्याच विद्यार्थिनी. आपल्याकडं एएफएसबरोबर रोटरी क्लबचा यूथ एक्सचेंजही ओळखीचा आहे.

२००१ च्या ९/११ हल्ल्यानंतर अमेरिकन सरकारनं 'केनेडी-लुगर यस' नावाची शिष्यवृत्ती सुरू केली. मुस्लिम लोकसंख्या मोठी असलेल्या देशांतल्या मुलांना वर्षभर अमेरिकेत शिकवायचं आणि खर्च सरकारनं करायचा. भारतातलीही पोरं तिच्यातून गेली आहेत.

आता मुद्द्याचं, म्हणजे यात मुलांची काळजी कोण घेतं?

अमेरिकेत अशा मुलांना जे-१ व्हिसा मिळतो. वय साधारण १५ ते साडेअठरा. व्हिसासाठी परराष्ट्र खात्यानं मान्यता दिलेली संस्था 'स्पॉन्सर' लागते आणि पोरासाठी तीच जबाबदार असते. होस्ट फॅमिलीला पैसे द्यायला नियमानंच बंदी आहे. काही अटींवर करात महिन्याला ५० डॉलरपर्यंत वजावट मिळते, बस्स. पैशासाठी कुणी घरात पोर ठेवू नये, हा त्यामागचा हेतू. घरातल्या १८ वर्षांवरच्या प्रत्येकाची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासली जाते, घर प्रत्यक्ष जाऊन बघितलं जातं आणि शाळेचं लेखी पत्र आधीच घेतलं जातं. संस्थेचा एक स्थानिक माणूस पोराच्या घरापासून १२० मैलांच्या, म्हणजे साधारण १९० किलोमीटरच्या आत राहणारा असावा लागतो आणि त्यानं दर महिन्याला पोराशी बोलायचं असतं.

कागदावर हे सगळं छान आहे. पण कागद दाराबाहेर सोबत येत नाही.

१९९२ च्या ऑगस्टमध्ये जपानच्या नागोयाचा १६ वर्षांचा योशिहिरो हत्तोरी एएफएसतर्फे लुईझियाना राज्यातल्या बॅटन रूज शहरात आला. जेमतेम दोन महिने झाले होते. १७ ऑक्टोबरला होस्ट फॅमिलीच्या मुलाबरोबर तो हॅलोविनच्या पार्टीला निघाला आणि दोघांनी चुकून भलत्याच घराची बेल वाजवली. घरमालक पिस्तूल घेऊन बाहेर आला आणि 'फ्रीझ' म्हणून ओरडला, म्हणजे जागचा हलू नकोस. योशिहिरोला तो शब्द बहुधा कळलाच नाही. पार्टीलाच आलोय असं सांगत तो पुढं गेला आणि गोळी छातीत बसली.

पुढच्या वर्षी ज्यूरीनं घरमालकाला निर्दोष सोडलं. जपान हादरलं. एखाद्याच्या दारात जाणं हा मरणाचा धोका असू शकतो, हे इंग्रजीच्या कुठल्या पुस्तकात शिकवतात?

यापुढं योशिहिरोच्या आईवडिलांनी जे केलं ते विलक्षण आहे. अमेरिकेत बंदुकांवर नियंत्रण आणा म्हणून त्यांनी जपानमध्ये १७ लाखांहून जास्त सह्या गोळा केल्या आणि नोव्हेंबर १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांची भेट घेतली. त्याचबरोबर मुलाच्या नावानं निधी उभा केला. कशासाठी? तर अमेरिकन शाळकरी मुलांना जपानमध्ये आणण्यासाठी. ज्या कार्यक्रमात पोरगा गेला, तोच त्यांनी उलट्या दिशेनं चालवला.

धोका तिथंच संपला नाही. १८ मे २०१८ रोजी टेक्सासमधल्या सांता फे हायस्कूलमध्ये गोळीबार झाला, १० जण गेले. त्यात कराचीची १७ वर्षांची सबिका शेख होती. ती 'यस' शिष्यवृत्तीवर आली होती आणि ईदला घरी परतणार होती.

अशा घटना अपवादानं घडतात हे खरं. बहुतेक पोरांचा त्रास वेगळा असतो, घरची आठवण, जेवण, होस्ट फॅमिलीशी न पटणं. न पटल्यास स्पॉन्सरला सांगून कुटुंब बदलता येतं, त्यात पोराचं काही चुकलं असं नसतं. हे त्याला जायच्या आधीच सांगून ठेवावं, नाहीतर आपल्याकडची गुणी पोरं वर्षभर गप्प सोसत बसतात. घरात अंडंही शिजत नसेल तर अर्जात तसं स्पष्ट लिहावं. स्थानिक समन्वयकाचा नंबर आईवडिलांच्या फोनमध्येही हवा.

आणि एक अडचण निघण्याआधी कुणी फारशी काढत नाही, ती म्हणजे अकरावीची. अनेक अमेरिकन शाळा एक्सचेंजच्या मुलांना डिप्लोमा देत नाहीत, आणि तिथलं वर्ष इथं अकरावीत धरलं जाईलच असंही नाही. परतल्यावर कुठल्या वर्गात बसायचं आणि जागा राखून ठेवणार का, हे कॉलेजकडून लेखी घ्यावं. नीट किंवा जेईईची तयारी करणाऱ्याच्या घरी तर हा हिशेब विमानाचं तिकीट काढण्याआधीच व्हायला हवा.