‘शाळा’ : एका चित्रपटाचा परिचय

गेलेल्या काळाविषयीं मनुष्याच्या मनांत एक विलक्षण ओढ असते. आजोबा आपल्या बाळपणच्या गोष्टी सांगूं लागले म्हणजे त्या वेळच्या मास्तरांची छडीसुद्धां गोड होऊन जाते, हा अनुभव आपणांपैकीं बहुतेकांस असेल. ह्या ओढीवर रचिलेले चित्रपट सर्वच देशांत निघतात. परंतु त्यांपैकीं पुष्कळ चित्रपट जुने कपडे आणि जुनीं गाणीं दाखवून थांबतात. श्री. सुजय डहाके यांनीं दिग्दर्शित केलेला ‘शाळा’ हा मराठी चित्रपट तेवढ्यावर थांबत नाहीं. म्हणून विद्यार्थिमित्रांस व पालकांस त्याचा थोडा परिचय करून देण्याचें येथें योजिलें आहे.

श्री. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही कादंबरी २००४ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्या आधारें केलेला हा चित्रपट २०१२ सालीं प्रदर्शित झाला. राष्ट्रीय पारितोषिकांत त्यास सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला, व कादंबरीवरून पटकथा तयार करणारे श्री. अविनाश देशपांडे यांचाही गौरव झाला. कथानक अगदीं साधें आहे. काळ १९७५ च्या सुमाराचा. मुकुंद जोशी हा नववींत शिकणारा मुलगा. सुऱ्या, फावड्या व चित्रे हे त्याचे सोबती. आणि त्याच शाळेंत शिकणारी शिरोडकर. जोशीच्या मनांत ती ‘शिरोडकर’च आहे. तिच्याविषयीं त्याच्या मनांत प्रथमच एक कोमल भावना उगवते, आणि तिचें काय करावें हें त्यास उमगत नाहीं.

आजच्या विद्यार्थ्यास प्रश्न पडेल कीं, एवढ्यावर सबंध चित्रपट कसा उभा राहिला? याचें उत्तर त्या काळांत आहे. मुंबईचें दूरदर्शन केंद्र सुरू होऊन (१९७२) तेव्हां तीनच वर्षें झालीं होतीं. मध्यमवर्गीय घरांत टेलिफोन क्वचितच आढळे. खिशांतल्या फोनची कल्पनाही कोणाच्या मनांत नव्हती. मुलें व मुली एका वर्गांत बसत, पण बोलत क्वचितच. अशा स्थितींत शाळेची वाट, शिकवणीची वेळ, वहीची देवघेव, वर्गांत मागें वळून टाकलेला एक कटाक्ष, एवढींच काय तीं साधनें. साधनें थोडीं असलीं म्हणजे प्रत्येकास मोल येतें. आज एका क्षणांत जाणाऱ्या निरोपासाठीं त्या वेळीं आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागे. आणि त्या वाट पाहण्यांतच हा चित्रपट वसलेला आहे.

कादंबरी जोशी स्वतःच सांगतो. त्यामुळें त्याच्या मनांतील प्रत्येक तरंग वाचकास शब्दांत मिळतो. पडद्यावर ही सोय नाहीं. मनांतील विचार तेथें चेहऱ्यावर, हालचालींत आणि स्तब्धतेंत दाखवावा लागतो. म्हणून ह्या चित्रपटांत संवादाइतकेंच महत्त्व न बोललेल्या क्षणांस आहे. जोशीचें काम करणारा अंशुमन जोशी व शिरोडकरचें काम करणारी केतकी माटेगांवकर हीं दोघेंही मुलांसारखीं मुलेंच दिसतात. मोठ्या माणसांच्या प्रेमाचें सोंग तीं आणीत नाहींत.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधलें पाहिजे. २५ जून १९७५ रोजीं देशांत आणीबाणी जाहीर झाली, ती मार्च १९७७ पर्यंत होती. वर्तमानपत्रांवर निर्बंध आले, अनेक पुढारी तुरुंगांत गेले. त्याच १९७५ सालीं कऱ्हाडच्या साहित्यसंमेलनांत अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनीं ह्या मुस्कटदाबीविरुद्ध आवाज उठविला, व पुढें त्यांना कारावास सोसावा लागला. जेव्हां मोठीं माणसेंही आपलें मत हलक्या आवाजांत बोलत होतीं, तेव्हां एका मुलास आपल्या मनींची गोष्ट उघड बोलण्याचें धैर्य कोठून यावें? चित्रपट हें साम्य ओरडून सांगत नाहीं. पण पाहणाराच्या मनांत तें आपोआप उतरतें. गेलेला काळ केवळ गोड नव्हता, हें तो विसरूं देत नाहीं.

माझ्या मतें चित्रपटाचें खरें मर्म यापुढेंच आहे. जोशी आपली भावना जपून ठेवतो. सुऱ्या मात्र आपल्या आवडत्या मुलीस सरळ रस्त्यांत गांठतो, आणि प्रकरण वडील मंडळींपर्यंत जातें. भावना दोघांचीही कोंवळीच. पण एकदां तिला ‘गुन्हा’ हें नांव मिळालें म्हणजे ती समजून घेण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. अशा वेळीं जोशीस एक आधार आहे, तो त्याच्या नरूमामाचा. मामा उपदेश करीत नाहीं, रागावत नाहीं. बरोबरीच्या मित्राप्रमाणें ऐकून घेतो. प्रत्येक मुलास असा एखादा मामा लाभतोच असें नाहीं. परंतु प्रत्येक घरांतील वडील माणसास तो होतां येईल.

विद्यार्थ्यांनींही येथून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. आवड उत्पन्न होणें हें पाप नव्हे; पण ज्या व्यक्तीविषयीं ती उत्पन्न झाली तिचा मान राखणें, तिला चारचौघांत अवघड वाटेल असें कांहीं न करणें, ही त्या आवडीची पहिली परीक्षा होय.

कथेचा शेवट येथें सांगत नाहीं. तो ज्यानें त्यानें पाहावा. १९७५ सालीं नववींत असलेल्या मुलांनीं आज साठी ओलांडली आहे. त्यांपैकीं कोणी आपल्या घरीं आजी-आजोबा म्हणून असतील, तर त्यांना शेजारीं बसवून हा चित्रपट पाहावा, आणि तो संपल्यावर, “आजोबा, तुमच्या वर्गांत कोण कोण होतें?” एवढाच प्रश्न विचारावा. मग जी गोष्ट निघेल, ती पडद्यावरील गोष्टीहून कमी रसाळ असणार नाहीं.